वाळवंटातील घरे, विंचू आणि दाराखालची फट

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा तोंडावर आला की वाळवंटी प्रदेशांतून विंचूदंशाच्या बातम्या येऊ लागतात. त्या बातम्यांत दंश झालेल्याचे वय असते, त्याला रुग्णालयात न्यायला किती वेळ लागला हे असते आणि बहुधा शेवटी परिसरात औषधफवारणी करून घेतल्याचेही वाक्य असते. विंचू त्या घरात नेमका कुठून शिरला, याची विचारपूस मात्र क्वचितच झालेली दिसते. नोकरीधंद्यानिमित्त वाळवंटी मुलखात राहणारी मराठी कुटुंबे आज कितीतरी आहेत आणि माझे स्वतःचे वास्तव्यही अनेक वर्षे अशाच मुलखात असल्याने हा विषय मला रोजच्या जगण्यातला आहे. म्हणूनच फवारणीवर खर्च होणारा पैसा आणि त्यातून मिळणारा खोटा दिलासा या दोन्हींविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

प्रश्न किरकोळ नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक आढाव्यात वर्षाला १२ लाखांहून अधिक विंचूदंश आणि त्यांतून सव्वातीन हजारांच्या आसपास मृत्यू होत असल्याचा अंदाज मांडण्यात आला होता. विंचवांच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत आणि माणसाच्या जिवावर उठतील अशा जाती त्यांत मोजक्याच आहेत हे खरे. पण उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया, मेक्सिको आणि त्याला लागून असलेला अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग अशा कोरड्या, उष्ण पट्ट्यांत नेमक्या त्यांतल्याच काही जाती वस्तीला आहेत. मृत्यूंमध्ये लहान मुलांचे प्रमाण मोठे असते, कारण विषाची मात्रा तेवढीच आणि शरीर मात्र लहान. ज्या घरात रांगते मूल आहे, त्या घराने हा विषय उद्यावर टाकू नये.

फवारणीने विंचू का आटोक्यात येत नाहीत, हे त्याच्या शरीराकडे आणि सवयींकडे पाहिले की कळते. झुरळ किंवा मुंगी फवारलेल्या जमिनीवरून सतत फिरते, अंगाला लागलेले औषध तोंडाने चाटते आणि मरते. विंचू दिवसभर फटीत निश्चल बसून राहतो, रात्री बाहेर पडला तरी पायांच्या टोकांवर अंग उचलून चालतो, त्यामुळे जमिनीवरच्या औषधाशी त्याचा संबंध फार थोडा येतो. त्याच्या अंगावरचे कवच मेणचट थराने झाकलेले असते. तो थर वाळवंटात शरीरातले पाणी टिकवण्यासाठी असला तरी बाहेरच्या औषधालाही सहज आत शिरू देत नाही. भर म्हणजे त्याला अन्नाची घाई नसते. पोटभर भक्ष्य मिळाले की तो कित्येक महिने उपाशी काढू शकतो, म्हणजे औषधाचा प्रभाव ओसरेपर्यंत दडून राहणे त्याला काहीच जड जात नाही. थेट अंगावर मारा झाला तर विंचू मरतो, पण जो समोर दिसतो आहे त्याच्यासाठी औषध कशाला हवे? न दिसणाऱ्यांसाठी केलेली फवारणी अनेकदा त्यांना बिथरवून भिंतीच्या पोकळीतून खोलीत आणून सोडते. पेस्ट कंट्रोलवाले दर महिन्याला येऊन जातात, घरात औषधाचा वास दरवळतो, घरच्यांना निर्धास्त वाटते आणि त्याच आठवड्यात न्हाणीघरात विंचू निघतो, हा अनुभव आमच्या भागात कोणालाही विचारावा. कीटकनाशकाचा थोडा उपयोग होतो तो विंचवाच्या अन्नावर, म्हणजे झुरळे आणि रातकिडे यांच्यावर. तेवढ्यापुरता त्याचा माफक वापर मला मान्य आहे, विंचवावरचा इलाज म्हणून नाही.

मग इलाज कोणता? विंचू माणसाच्या शोधात घरात येत नाही. त्याला आडोसा, ओलावा आणि भक्ष्य या तीन गोष्टी हव्या असतात आणि वाळवंटात आपण बांधलेले घर या तिन्ही गोष्टी एका जागी पुरवते. बाहेरची वाळू भाजून निघत असताना कूलरच्या ओल्या जाळीखाली, गळक्या नळापाशी, धुण्याच्या यंत्रामागे त्याला गारवा मिळतो. दिव्याभोवती किडे जमतात, त्यांच्यामागे तो येतो. नैसर्गिक आसरा अचानक हिरावला गेला तरीही तो वस्तीकडेच वळतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये इजिप्तमधील अस्वान परिसरात वादळी पाऊस झाला, बिळांत पाणी भरले, विंचू घरांत आणि रस्त्यांवर आले आणि पाचशेच्या आसपास लोकांना दंश झाल्याच्या बातम्या जगभर आल्या. वाळवंटातल्या दुर्मीळ पावसानंतरचे दोन-तीन दिवस त्यामुळे विशेष सावधगिरीचे असतात. शेजारी नवे बांधकाम सुरू होऊन जमीन खणली जाऊ लागली तरी हीच खबरदारी घ्यावी.

आता फटींविषयी, कारण माझ्या या पत्राचा खरा विषय तोच आहे. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात बार्क स्कॉर्पियन नावाने ओळखली जाणारी सडपातळ, फिकट पिवळसर जात सुमारे दीड मिलिमीटरच्या फटीतूनही आत शिरू शकते. ही जात खडबडीत भिंतीवर सहज चढते, छताला उलटी लटकून राहते, म्हणून केवळ जमिनीलगतची भोके बुजवून भागत नाही. आपल्या घराची परीक्षा घेण्याचा एक साधा मार्ग सांगतो. रात्री घरातले सगळे दिवे मालवावेत आणि बाहेरून कोणालातरी प्रखर विजेरी दाराच्या चौकटीभोवती हळूहळू फिरवायला सांगावी. आत उभे राहिल्यावर उंबऱ्याच्या दोन्ही कोपऱ्यांत, जिथे रबरी पट्टी चौकटीपर्यंत पोहोचता पोहोचता दोन बोटे आधीच संपलेली असते, तिथे उजेडाची बारीक त्रिकोणी चीर दिसते. दार नवे असो, महागडे असो, ही चीर मी बहुतेक प्रत्येक घरात पाहिली आहे. पट्टी मधोमध चांगली बसलेली असल्याने घरमालकाचे समाधान झालेले असते, आणि विंचू तर भिंतीच्या कडेकडेनेच चालतो.

दाराखाली दाट ब्रशाची किंवा रबराची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बसवणे, सरकत्या खिडक्यांच्या खाचांतली झिजलेली लोकर बदलणे, एअर कंडिशनरचे पाइप आणि विजेच्या तारा जिथून भिंतीत शिरतात तिथली पोकळी सीलंटने भरणे, स्वयंपाकघरातल्या सिंकखाली पाइपाभोवती राहिलेले गोल छिद्र बंद करणे ही कामे एका सुट्टीच्या दिवसात होण्याजोगी आहेत. विटांच्या बाह्य भिंतीत ओल बाहेर पडावी म्हणून मुद्दाम ठेवलेली भोके मात्र सिमेंटने बुजवू नयेत, नाहीतर भिंत आतून ओल धरते; त्यांत गंज न चढणारी बारीक स्टीलची जाळी दाबून बसवावी. पोटमाळ्याच्या झरोक्यांनाही तीच जाळी लावावी. विजेच्या खटक्यांच्या पेट्यांकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण भिंतीच्या पोकळीतून खोलीत येण्याचा तोही एक रस्ता आहे. मुख्य वीजपुरवठा बंद करून झाकणाभोवतीची फट जाणकाराकडून बंद करून घ्यावी. फटी बुजवलेले घर वाळूचे वादळ बाहेर ठेवते, थंडावा आत धरते आणि विजेचे बिल कमी करते, तेव्हा हा खर्च केवळ विंचवापोटी होतो असेही नाही.

घराबाहेरच्या आवाराबद्दल लिहायचे तर भिंतीला टेकवून ठेवलेली लाकडे, उरलेल्या फरशा, विटांचा ढीग, पुठ्ठ्याचे खोके, फुटक्या कुंड्या हे सगळे आधी हलवायला हवे. सरपण ठेवायचेच असेल तर जमिनीपासून उंच मांडणीवर आणि घरापासून दूर ठेवावे, आणि त्यातले लाकूड उचलताना जाड हातमोजे घालावेत. भिंतीलगत हातभर रुंदीचा पट्टा मोकळा आणि कोरडा राहिला पाहिजे. तिथे ना झुडूप असावे, ना ठिबकची नळी. ताडामाडाच्या जातीच्या झाडांवर वाळून लोंबणाऱ्या झावळ्या म्हणजे विंचवांचा आयता निवारा असतो, आणि छतावर टेकलेली फांदी त्यांना थेट गच्चीवर पोहोचवते. पोकळ सिमेंट ठोकळ्यांची कुंपणभिंत हे तर मोठेच आश्रयस्थान. तिचा वरचा भाग उघडा असेल तर तो गिलाव्याने बंद करून घ्यावा. दारावरचा पांढरा प्रखर दिवा काढून पिवळसर प्रकाशाचा लावला तर किडे कमी जमतात. पाली आणि घुबडे विंचवांची शिकार करतात, त्यांना घराभोवतीहून हुसकू नये एवढे मात्र आवर्जून सांगेन.

गुळगुळीत पृष्ठभागावर विंचवाला पकड मिळत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे आणि तिचा फायदा फारसा कोणी घेत नाही. न्हाणीघरातल्या टबात किंवा सिंकमध्ये सकाळी विंचू दिसला की तो नळातून वर आला असा समज होतो. प्रत्यक्षात तो रात्री पाण्याच्या शोधात वरून आत घसरलेला असतो आणि चिकण्या बाजूंवर चढता न आल्याने तिथेच अडकून राहिलेला असतो. याच कारणाने घराच्या बाह्य भिंतीच्या पायथ्याशी आणि पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर चकचकीत फरशीची एक अखंड पट्टी लावणे हा विंचूग्रस्त भागांत उपयोगी ठरणारा उपाय आहे. पट्टीत सांधा खडबडीत राहू देऊ नये आणि वर चढायला वेलीचा किंवा नळीचा आधार शिल्लक ठेवू नये. बाळाच्या पाळण्याचे किंवा खाटेचे पाय रुंद तोंडाच्या काचेच्या स्वच्छ बरण्यांत ठेवणे हेही याच तत्त्वावर चालते. खाट भिंतीपासून वीतभर दूर आणि पांघरूण जमिनीला न टेकणारे असेल तरच त्याचा उपयोग. छतावरून खाली पडणाऱ्या जातींसाठी मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी.

फटी बुजवल्या तरी आत आधीच किती आहेत हे कळणार कसे? त्यासाठी अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी घ्यावी. विंचवाच्या कवचातील काही द्रव्ये या प्रकाशात हिरवट निळ्या रंगात चमकतात. नुकतीच कात टाकलेला मऊ विंचू तेवढा चमकत नाही. रात्रीचे तापमान साधारण २१ अंशांच्या वर राहू लागले की विंचू बाहेर पडतात, तेव्हा अंधार पडल्यावर दोनेक तासांनी बंद बूट घालून, हातात लांब चिमटा घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. कुंपणाच्या भिंतीवर, जिथे दिवसा पोपडे आलेल्या रंगाखेरीज काही दिसत नाही, तिथे हा प्रकाश पडताच छातीइतक्या उंचीवर एक शेपूट कडेने वळवून भिंतीला चिकटलेली संपूर्ण आकृती उजळून निघते. पाय, चिमटे, नांगीच्या आधीचा फुगीर मणी सगळे स्वच्छ मोजता येते. पहिल्यांदा पाहणारा माणूस घाबरतो, पण या फेरीसारखी दुसरी उपयुक्त माहिती नाही: विंचू कोणत्या भिंतीवर जास्त आहेत, कोणत्या कोपऱ्यातून निघतात, हे दोन-चार रात्रींत कळते आणि मग फटी शोधायला नेमकी जागा मिळते.

सापडलेला विंचू लांब चिमट्याने उचलून झाकणाच्या बरणीत टाकता येतो. घरात जमिनीवर दिसला तर काचेचा पेला उपडा ठेवून खालून जाड पुठ्ठा सरकवावा. चपलेने मारण्याची आपल्याला सवय असते, पण मादीच्या बाबतीत ती महागात पडू शकते. विंचवाची मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते आणि पहिली कात टाकेपर्यंत ती सगळी तिच्या पाठीवर असतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर हे आपण म्हणतो ते इथे शब्दशः खरे आहे. घाव बसताच ही तांदळाएवढी पांढुरकी पिल्ले चहूकडे पांगतात आणि मग ती शोधत बसावे लागते. पाठ पांढरट, दाणेदार दिसली तर आधी पेला ठेवावा.

रोजच्या सवयी थोडक्यात सांगून पुढे जातो. बूट उलटे करून आपटल्याशिवाय पाय घालू नये, अंधारात अनवाणी फिरू नये, ओले टॉवेल आणि मुलांचे कपडे जमिनीवर पडू देऊ नयेत, अंथरूण झोपण्यापूर्वी झटकावे. पाहुणे आले तर त्यांनाही हे सांगावे.

या सवयी पाळण्याइतकीही सोय ज्यांच्याकडे नाही, त्यांच्याविषयी मला विशेष काळजी वाटते. वाळवंटात बांधकामावर, रस्त्यांवर, सौर प्रकल्पांवर राबणारे मजूर पत्र्याच्या किंवा तात्पुरत्या खोल्यांत दाटीवाटीने राहतात, अनेकदा जमिनीवर झोपतात, आणि दिवसभर दगड-विटा उचलतात. त्यांच्या खोलीच्या दाराखालून विंचूच काय, उंदीरही जाऊ शकतो. त्यांना दाराला पट्टी लावा, पलंग भिंतीपासून दूर ठेवा असे सांगण्यात अर्थ नाही. पलंग आणि पट्टी देण्याची जबाबदारी ज्याने त्यांना कामावर ठेवले त्याची आहे. जाड हातमोजे आणि घोट्याच्या वर येणारे बूट ही चैनीची वस्तू नव्हे. मुकादमाकडे अतिनील विजेरी असली आणि रात्री झोपण्यापूर्वी खोल्यांतून तिची एक फेरी झाली तरी कितीतरी दंश टळतील.

एवढे करूनही दंश झालाच तर काय करावे याबद्दल फार गैरसमज आहेत. जागा साबणाने धुवावी, फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय स्थिर ठेवावा. चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, करकचून दोरी बांधू नये. मंत्राने किंवा झाडपाल्याने विंचू उतरतो हा विश्वास टिकून राहण्याचे कारण सरळ आहे: बहुतेक दंशांत वेदना तीव्र असली तरी काही तासांत ती आपोआप ओसरते आणि श्रेय उताऱ्याला मिळते. ज्या थोड्या दंशांत विष शरीरभर पसरते, तिथे हाच वेळ प्राणघातक ठरतो. अतोनात घाम, वारंवार उलट्या, हातपाय गार पडणे, छातीत धडधड, धाप लागणे, तोंडातून लाळ गळणे, डोळे भिरभिरणे, अंगाला झटके यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब नको. दंश लहान मुलाला झाला असेल तर लक्षणांची वाट न पाहताच रुग्णालय गाठावे. विंचवाचा रंग किंवा आकार पाहून तो साधा आहे असा निष्कर्ष घरच्यांनी काढू नये. बारीक चिमट्यांचे आणि जाड शेपटीचे विंचू अधिक विषारी असतात हा ठोकताळा बऱ्याचदा बरोबर असला तरी भरवशाचा नाही, आणि बार्क स्कॉर्पियनची शेपूट तर बारीकच असते. सुरक्षित अंतरावरून छायाचित्र काढता आले तर डॉक्टरांना त्याची मदत होते, पण त्यासाठी विंचवाच्या मागे लागू नये.

योग्य उपचार वेळेवर मिळाले तर काय घडू शकते, याचा दाखला मराठी वाचकाला दूर शोधायला नको. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशात हृदयावर आणि फुप्फुसांवर होणारे परिणाम अभ्यासले, रक्तवाहिन्या शिथिल करणारे प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले आणि आपले निष्कर्ष ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकातून जगासमोर मांडले. प्राझोसिनला विंचवावरच्या प्रतिविषाची जोड दिल्यास रुग्ण अधिक लवकर सावरतो, हे दाखवणारा त्यांचा अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बार्क स्कॉर्पियनच्या दंशावरील प्रतिविषाला मान्यता दिली. प्रत्येक भागातील विंचू वेगळा, त्याचे विष वेगळे आणि म्हणून उपचारही वेगळे. तेव्हा कोणतेही औषध घरी स्वतःच्या मनाने घेऊ नये. आपल्या वस्तीपासून जवळचे कोणते रुग्णालय रात्री उघडे असते आणि तिथे स्थानिक विंचवाच्या दंशावर उपचार मिळतात का, हे मात्र प्रत्येकाने आधीच विचारून ठेवावे आणि तो दूरध्वनी क्रमांक फ्रिजवर चिकटवावा.

संपादक महोदय, माझी मागणी तीन ठिकाणी आहे. वाळवंटी भागात घरे बांधणाऱ्यांनी घर ताब्यात देण्यापूर्वी दारे, पाइपांभोवतीच्या पोकळ्या आणि झरोके बंद करून द्यावेत, आणि घर घेणाऱ्याने रंगाची छटा पाहण्याआधी उंबऱ्याचे कोपरे पाहावेत. भाड्याने घर देणाऱ्यांनी आणि मजुरांची निवासव्यवस्था करणाऱ्यांनी दर महिन्याच्या फवारणीचे पैसे एकदाच या कामावर खर्च करावेत. तिसरी मागणी आपल्याकडे आहे. विंचूदंशाची बातमी येईल तेव्हा तिच्यासोबत दंशाची धोक्याची लक्षणे, करू नयेत अशा गोष्टी आणि फटी तपासण्याची रीत यांची एक छोटी चौकट छापावी; आणि उन्हाळा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे कामे करून घ्यायला हाताशी वेळ असतानाच, ती एकदा स्वतंत्रपणेही प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक